आडवाटांनी गवसलेले जीवितकार्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला आज ५० वर्षे पूर्ण होत आहेत. या मंगल प्रसंगी 'तरुणांनी जीवनाचे ध्येय कसे ठरवावे' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारिणीने केली. मी वक्ता नव्हे. माझे आयुष्य कापड मोजण्यात आणि उधारीच्या वह्या सांभाळण्यात गेले. पदरी बी.कॉम.ची पदवी आहे, परंतु तिचा उपयोग जमाखर्च मांडण्यापलीकडे फारसा झाला नाही. तरीही आज्ञा शिरसावंद्य मानून उभा राहिलो आहे. काही उणे-अधिक झाल्यास आपण सांभाळून घ्यालच.

विषय हाती आला तेव्हा मी त्यातील 'ठरवावे' या शब्दापाशीच अडलो. ध्येय हे खरोखर ठरवले जाते काय? की चालता चालता, अनेकदा वाट चुकल्यावर, ते माणसाला सापडते? या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधण्याइतका माझा व्यासंग नाही. म्हणून मी ते एका माणसाच्या चरित्रात शोधले. हा माणूस आपल्याच भागातला, आपल्याच समाजात जन्मलेला. त्याचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर त्यांचे उत्तरायुष्यातील चित्र आहे : पांढरी दाढी, अंगावर जाडीभरडी खादी, पाय अनवाणी, आणि भोवती खेड्यापाड्यांतील मुलांचा मेळा. आपण त्या चित्राला हार घालतो. परंतु त्या चित्रापूर्वीची ३०-३२ वर्षे आपण सहसा आठवत नाही. मला आज त्याच वर्षांविषयी बोलावयाचे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. शिक्षणासाठी त्यांनी मुलाला कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घातले आणि राहण्याची व्यवस्था जैन वसतिगृहात केली. मुलगा अंगापिंडाने मजबूत, तालमीचा शौकीन आणि स्वभावाने बंडखोर. अभ्यासात मात्र त्याचे मन रमले नाही. पुढे ज्याने हजारो मुलांना पदवीपर्यंत नेले, त्याला स्वतःला मॅट्रिकची पायरी ओलांडता आली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्याच सुमारास, म्हणजे १९०८ साली, कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर वसतिगृहाच्या रिवाजाप्रमाणे स्नान करूनच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

बंधू-भगिनींनो, ही घटना सांगताना मला संकोच वाटतो. कारण ज्या कर्मवीरांचा आज आपण अभिमानाने 'आपले' म्हणून उल्लेख करतो, त्यांना एके काळी आपल्याच वसतिगृहाच्या दारातून बाहेर पडावे लागले होते. त्या काळच्या मंडळींना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते आपल्या समजुतीप्रमाणे नियम पाळत होते. परंतु नियम पाळताना समोरचे माणूस केवढे आहे हे दिसत नाही, एवढी नोंद आपण मनाशी करून ठेवू. या मुद्द्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

शाळा सुटली, विवाह झाला, आणि पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. मग सुरू झाला तो आडवाटांचा प्रवास. भाऊरावांनी साताऱ्यास खासगी शिकवण्या घेतल्या. जो स्वतः परीक्षेत अडला, तो घरोघरी जाऊन मुलांना शिकवू लागला आणि 'पाटील मास्तर' म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याच काळात, १९१० मध्ये, सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे काही सहकाऱ्यांसमवेत सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्यात त्यांनी भाग घेतला. परंतु तेव्हाही हेच आपले जीवितकार्य, असे त्यांना उमगले होते, असे दिसत नाही. तसे असते तर पुढील वर्षे ते इतर उद्योगांत गेले नसते.

१९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात आपल्या समाजाचे नामवंत पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांना गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, असे दडपण त्यांच्यावर आले. त्यांनी साक्ष दिली नाही. तुरुंगवास पत्करला. छळ इतका झाला की जिवावर उदार होण्यापर्यंत त्यांची मजल गेली, पण शब्द फिरला नाही. ज्या समाजाच्या वसतिगृहाने त्यांना बाहेर काढले, त्याच समाजाच्या पुढाऱ्यासाठी त्यांनी हे सोसले. सत्य हे आपल्या पाच व्रतांपैकी एक. ते व्रत पाळण्याची किंमत त्यांनी तिशीच्या आत मोजली.

त्यानंतर ते फिरते विक्रेते झाले. ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम त्यांनी केले. येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचीही आठवण करणे योग्य ठरेल. लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष असल्याचे कळल्यावर त्यांनी रंगचित्रे सोडून यांत्रिक रेखाटनाची कास धरली, त्याच विषयाचे अध्यापन केले, बेळगावात सायकलींचे दुकान चालवले, आणि त्यातून पुढे कडबा कापण्याचे यंत्र व नांगर घडवता घडवता १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. एका आडवाटेवरचा माणूस दुसऱ्या आडवाटेवरच्या माणसाकडे कामाला लागला, असेच म्हणावे लागेल.

आपण व्यापारी माणसे आहोत, म्हणून विक्रेत्याच्या कामाचे मोल आपल्याला कळते. त्या काळी लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा शेतकऱ्यांना नांगर विकावयाचा म्हणजे गावोगाव पायपीट करावयाची, पारावर बसून बोलावयाचे, अविश्वास सोसावयाचा आणि पुन्हा दुसऱ्या हंगामात त्याच दारी जावयाचे. या फिरतीत भाऊरावांना खेडे अंतर्बाह्य दिसले. खत, बी-बियाणे, सावकाराचे कर्ज, रोगराई हे तर दिसलेच. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी अज्ञान आहे आणि शेतकऱ्याच्या घरात नांगराच्या आधी पाटी पोचली पाहिजे, हेही त्यांना दिसले. हे दर्शन कोणत्याही वर्गात बसून झाले नसते.

आणि मग, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तरीही प्रवास सरळ झाला नाही. साताऱ्याजवळ एका कारखान्याच्या उभारणीत त्यांनी काही काळ श्रम घेतले. त्या नफ्यातून बहुजनांच्या शिक्षणाला साह्य होईल ही त्यांची आशा होती. ती फोल ठरली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्यालय साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातीधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. ज्या संस्थानात त्यांनी तुरुंग सोसला, त्याच संस्थानच्या राजर्षींचे नाव त्यांनी आपल्या वसतिगृहाला दिले. शाहू महाराजांनी बहुजनांसाठी उघडलेली वसतिगृहे त्यांनी विद्यार्थिदशेत डोळ्यांनी पाहिली होती. ते ऋण त्यांनी लक्षात ठेवले आणि कटुता विसरली.

पुढचा इतिहास आपणास ठाऊक आहे. १९३५ साली ग्रामीण शिक्षक घडवणारे अध्यापन विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. 'कमवा आणि शिका' हा मंत्र त्यांनी महाराष्ट्राला दिला. १९५९ च्या आरंभी पद्मभूषण आणि एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाची डी.लिट. ही सन्माननीय पदवी त्यांना मिळाली. मॅट्रिक न झालेल्या माणसाचा विद्यापीठाने केलेला हा गौरव होता. त्यानंतर सुमारे महिनाभराने, ९ मे १९५९ रोजी, त्यांनी देह ठेवला.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. भाऊरावांनी हे ध्येय ठरवले होते काय? माझी अल्पमती सांगते की नाही. परंतु जे जे त्यांच्या वाट्याला आले, त्यातील एकही गोष्ट त्यांनी वाया जाऊ दिली नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर कापडातील एकही चिंधी त्यांनी फेकली नाही. वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, म्हणून ज्याच्या दारात कोणालाही अडवले जाणार नाही असे वसतिगृह त्यांनी बांधले. परीक्षेत अपयश आले, म्हणून अडखळणाऱ्या मुलाची त्यांना लाज वाटली नाही. शिकवण्यांनी शिक्षकाचे काम कळले. तुरुंगाने निर्भयता दिली. नांगरविक्रीने खेडे दाखवले आणि नकार पचवण्याची सवय लावली. देणगीसाठी दारोदार फिरणाऱ्या माणसाला या सवयीवाचून गत्यंतर नसते. कारखान्यातील निराशेने श्रीमंतांच्या आश्वासनांवर विसंबू नये हे शिकवले, आणि त्यातून स्वावलंबनाचे व्रत दृढ झाले. ज्यांना आपण अपयशाची वर्षे म्हणू, त्या वर्षांवरच संस्थेचा पाया घातला गेला.

या प्रवासात एक नाव विसरता येत नाही. ते त्यांच्या धर्मपत्नी लक्ष्मीबाईंचे. कर्मठ वळणाच्या जैन घरातून आलेल्या या माउलीने वसतिगृहातील सर्व जातींच्या मुलांना आपल्या पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. धान्य संपले तेव्हा एकेक दागिना मोडला, आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. हे कार्य त्यांनी निवडलेले नव्हते, ते त्यांच्या दारात येऊन उभे राहिले होते. परंतु दारात आलेल्याला त्यांनी परत पाठवले नाही. आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चार दाने आपण मानतो. त्या घराने यांतील कोणते दान दिले नाही, हे आपणच सांगावे.

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. आत्मस्तुतीचा दोष पत्करूनही ते आवश्यक आहे, कारण पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा संबंध त्याच्याशी आहे.

मला सनदी लेखापाल व्हावयाचे होते. बी.कॉम. झालो, परीक्षेला बसलो आणि दोन वेळा नापास झालो. बँकेच्या परीक्षेतही यश आले नाही. तशातच वडील आजारी पडले आणि दुकानावर कर्ज झाले. मी इचलकरंजीस एका मागवाल्याकडे दिवाणजी म्हणून राहिलो. तीन वर्षे सुताचे हिशेब लिहिले, कामगारांचे पगार वाटले. त्यानंतर परत येऊन कापडाची गाठोडी एस.टी.च्या टपावर टाकून आठवडा बाजार करू लागलो. पदवीधर मुलगा बाजारात चादर अंथरून बसतो, याची आईला लाज वाटे. अशी सहा वर्षे गेली.

एके दिवशी आपल्याच समाजातील एका वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांनी मला पेढीवर बोलावले. म्हणाले, "तुला माल हवा तेवढा घेऊन जा. पैसे विक्री झाल्यावर दे." मी म्हणालो, "काका, माझ्याकडे तारण काही नाही." ते म्हणाले, "तू पावसातसुद्धा बाजार चुकवत नाहीस, तेवढे तारण मला पुरे." त्या मालावर माझे दुकान उभे राहिले. मी किती वेळा नापास झालो, मधली वर्षे कुठे घालवली, हे त्यांनी विचारले नाही. पुढे गणवेशाच्या कापडाच्या निमित्ताने शाळांशी संबंध आला, शाळांमुळे मुलांशी आला, आणि मुलांमुळे आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्तीच्या कामाशी. आज मला कोणी विचारले की तुमचे आयुष्यातील खरे काम कोणते, तर मी दुकान सांगणार नाही, हे शिष्यवृत्तीचे काम सांगेन. ते मी ठरवले नव्हते. ते कापडाच्या वाटेने माझ्याकडे आले.

आणि याच कामात माझ्या हातून एक चूक घडली. ती या व्यासपीठावरून सांगण्याचे मी ठरवले आहे.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात सातव्या क्रमांकावर एक अट आहे : अर्जदाराच्या शिक्षणात खंड पडलेला नसावा. काही वर्षांपूर्वी एक मुलगा अर्ज घेऊन आला. बारावीत नापास झाला होता. दोन वर्षे मागावर कांड्या भरल्या, नंतर परीक्षा देऊन उत्तीर्ण झाला आणि वस्त्रोद्योगाच्या पदविकेस त्याला प्रवेश मिळाला होता. फीपुरते साह्य हवे होते. कोषाध्यक्ष या नात्याने अर्ज तपासणे माझे काम होते. मी अर्जावर लाल शाईने लिहिले, 'शिक्षणात खंड, सबब अपात्र.' मुलगा काही बोलला नाही. अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि नमस्कार करून गेला. सभेच्या इतिवृत्तात एका ओळीची नोंद झाली. मी ते विसरूनही गेलो.

गेल्या दिवाळीच्या आधी दुकानात माल आला. टेम्पोचालक ताके उतरवत होता. चलनावर त्याने सही केली तेव्हा नाव वाचून मी वर पाहिले. तोच मुलगा होता. त्यानेही मला ओळखले होते, बहुधा दारात गाडी लावतानाच. मागचा विषय त्याने काढला नाही. एवढेच म्हणाला, "काका, ताके मोजून घ्या." मी ताके मोजले. सगळे बरोबर होते. तो निघून गेला.

टेम्पो चालवणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे मी म्हणणार नाही. कष्टाची भाकरी कोणतीही असो, ती पवित्रच. पुढे त्याची वाट कोठे वळेल हे मी कोण सांगणारा? परंतु त्याने एक दार ठोठावले होते, आणि ते मी लावून घेतले होते. ज्याने स्वतः दोनदा नापास होऊन मागाच्या खडखडाटात तीन वर्षे काढली, त्या माणसाने दुसऱ्याची दोन वर्षे 'खंड' म्हणून खोडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. भाऊराव पाटलांचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले ते त्या रात्रीनंतर. वाचताना मनात आले की हा विद्यार्थी आपल्या ट्रस्टकडे आला असता, तर सातव्या अटीत त्याचाही अर्ज मी लाल शाईने परत केला असता.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती करतो. आपण या वर्षी सभागृहाला नवा रंग देत आहोत, स्मरणिका काढत आहोत, हे सारे उचितच आहे. त्यासोबत ती सातवी अट आपण काढून टाकावी. 'शिक्षणात खंड पडला आहे काय?' या प्रश्नाच्या जागी 'मधल्या काळात आपण काय केले व त्यातून काय शिकलात?' असे विचारावे. ज्याच्याकडे सांगण्यासारखे असेल त्याचे आपण ऐकून घ्यावे. यासाठी जो जादा निधी लागेल, त्यात पहिल्या ५ वर्षांचा भार उचलण्याची माझी तयारी आहे. हा दानाचा गाजावाजा नव्हे. ही जुनी उधारी आहे आणि ती फेडणे माझे कर्तव्य आहे. त्या मुलाकडेही मी जाणार आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेण्याची तयारी ठेवूनच जाणार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आपणास उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. एवढेच सांगतो की अठराव्या वर्षी ध्येय सापडले नाही म्हणून घाबरू नका. त्याच वेळी, आडवाट म्हणजे भटकणे असेही समजू नका. भाऊराव ज्या कामात पडले, त्यात अंग चोरून राहिले नाहीत. नांगर विकताना त्यांनी नांगरच मनापासून विकला. म्हणून त्या वाटेने त्यांना खेड्यापर्यंत नेले. हातातले काम चोख करणारा माणूस वाट चुकला तरी रिकाम्या हाताने परतत नाही.

आणि पालकांनो, आपल्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी वळणे घेत असेल, तर चार लोकांत त्याचा पाणउतारा करू नका. मागावर धोटा सारखा डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे धावतो. नवख्याला वाटते, हा नुसताच येरझारा घालतो आहे. कापड मात्र त्यानेच विणले जाते. हे मी इचलकरंजीत तीन वर्षे रोज पाहिले, पण त्याचा अर्थ कळायला साठी उलटावी लागली.